शाफ्टच्या बोळाचं कुलूप

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. गुलबर्ग्याहून आळंदकडं जाणाऱ्या वाटेवर कापसाचा एक जीन होता, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. त्या जिनाचं इंजिन मी चालवायचो. मुलूख निजामाचा. शाळा शिकलो ती उर्दू, घरात मराठी आणि शेजारपाजारी कानडी, त्यामुळं जिनात कुणी कुठल्याही भाषेत हाक मारली तरी मी ओ द्यायचो. माझ्या नावानं मात्र मला कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा मी डायवर. माझी बायकोही त्याच जिनात कामाला होती, म्हणून ती डायवरीण.

जिनाची शेड लांबच लांब होती. मधोमध पुरुषभर उंचीचा ओटा आणि त्या ओट्यावर सरकी काढायच्या यंत्रांची रांग; त्या यंत्रांनाही जीनच म्हणायचे. प्रत्येक जिनापुढं एक बाई उभी राहून कापूस चारायची. रुई पुढं पडायची आणि सरकी खाली. ओट्याच्या पोटात एक अरुंद बोळ होता. बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी शाफ्ट, म्हणजे एक लांब दांडा, फिरायचा आणि त्याच्यावरून निघालेले कातडी पट्टे वर जाऊन एकेक जीन फिरवायचे. सरकी पडायची ती ह्याच बोळात. ती साचू दिली तर पट्ट्याला लागायची, म्हणून पाट्या घेऊन बायका आत जायच्या, वाकून सरकी भरायच्या आणि बाहेर आणून ढीग घालायच्या. शाफ्ट त्यांच्या छातीच्या उंचीवर फिरत असायचा. मध्ये ना कठडा, ना फळी.

त्या बोळानं किती जणींना धरलं ते मी पाहिलेलं आहे. निंबर्ग्याकडची एक बाई पदर गुंडाळला जाऊन जीवानिशी गेली. तिला बाहेर काढायचं काम माझ्याकडं आलं होतं, कारण शाफ्टवरचं काहीही सोडवायचं तर डायवरलाच बोलावत. दुसऱ्या एकीची वेणी गेली आणि वेणीबरोबर डोक्याची कातडी गेली. ती जगली, पण पुन्हा कुणासमोर आली नाही. बोटं जाणं तर कुणी हिशेबात धरतच नसे.

आणि इंजिनाला त्यातलं काही कळायचं नाही. लोकांना वाटतं, एवढं माणूस ओढलं जातं म्हणजे इंजिन अडखळत असेल, आवाज बदलत असेल. काही होत नाही. दट्ट्या तसाच मागंपुढं होतो, मोठं चाक तसंच फिरतं. कुणी तरी धावत येऊन सांगेपर्यंत मी तेलाची कुपी घेऊन उभा असायचो.

मग संस्थानात कारखान्यांचा कायदा झाला. पलीकडं सोलापूरच्या बाजूला, इंग्रजांच्या मुलखात, असा कायदा आधीपासून आहे एवढं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडं तो एका टांग्यातून आला. टांग्यातून एक साहेब उतरले. शेरवानी, रुमी टोपी, हातात वेताची छडी. हैदराबादहून आलेले इन्स्पेक्टर. त्यांनी बोळात डोकावून पाहिलं आणि मॅनेजरला एवढंच म्हणाले, "यह तो कुआँ है."

त्यांच्या हुकमानं ओट्याच्या दोन्ही अंगांना भिंत बांधून बोळ बंद झाला. एका टोकाला जाड फळ्यांचं दार बसलं, त्याला कडी आणि कुलूप. शाफ्ट फिरत असताना दार उघडायचं नाही. इंजिन थांबवायचं, दार उघडायचं, सरकी काढायची, दार लावायचं, मग इंजिन सुरू करायचं. शेडमधून माझ्या इंजिनघरापर्यंत एक दोरी आणून तिला पितळी घंटाही बांधली. घंटा वाजली की मी वाफ बंद करायची.

तो सगळा हंगाम बोळात कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी अशिक्षित माणूस नव्हतो, पण कागदावरच्या चार ओळींनी माणसांचे हातपाय शाबूत राहतात हे मला त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. बायका बोळाला घाबरायच्या बंद झाल्या. एकीनं तर दाराला हळदकुंकू लावलं होतं.

पुढच्या हंगामात कापूस फार आला. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली, गाडीवान तिथंच चुली मांडून बसले. सरकी भराभर साचायची, घंटा सारखी वाजायची आणि मी सारखं इंजिन थांबवायचो. जिनांवरच्या बायकांना वजनावर मजुरी मिळायची, इंजिन थांबलं की त्याही कुरकुरायच्या. मॅनेजर मुकादमावर ओरडायचा. मुकादम आमच्याच भागातला, तोंडाळ पण कामाला वाघ. कुलपाची किल्ली त्याच्या कमरेला असायची. एके दिवशी घंटा वाजायची कमी झाली हे माझ्या ध्यानात आलं. मी त्याला विचारलं, "मुकादम, सरकी कमी पडायलीय का काय? घंटा कामून वाजंना?"

"पडायलीय की. काढायलेत बाया."

"इंजिन चालू असताना?"

"जरा जपून काढायलेत. तू तुझं इंजिन बघ, डायवर."

मी मॅनेजरकडं गेलो. तो म्हणाला, दार आहे, कुलूप आहे, जबाबदारी मुकादमाची आहे. घरी बायकोला म्हणालो, तू त्या बोळात जायचं नाहीस. ती म्हणाली, "मी कशाला जातीय? मी जिनावर हाय." आणि ती खरंच जिनावर होती. मी निर्धास्त झालो.

सरकी काढणाऱ्यांत एक थोराड बाई होती. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. लिंगायत घरातली, घरी कानडी बोलायची आणि जिनात आमच्यासारखंच मराठी. नवरा शेतावर, मुलं मोठी झालेली. माझ्या बायकोवर तिचा जीव होता. सकाळी जिनात येताना ती आमच्या दारावरूनच यायची.

त्या दिवशी दुपारची भाकरी होऊन इंजिन पुन्हा सुरू झालं होतं. अक्काच्या जोडीची बाई तापानं आली नव्हती. सरकी पट्ट्याला टेकायला आली, तेव्हा मुकादमानं माझ्या बायकोला जिनावरून उतरवलं आणि अक्काबरोबर बोळात पाठवलं. मला हे माहीत नव्हतं. इंजिनघरातून शेडचं फक्त मागचं छप्पर दिसायचं.

आणि त्याच वेळी फाटकात टांगा आला.

एरवी इन्स्पेक्टर यायचे ते आधी कळायचं. त्या दिवशी कळलं नाही. पुढं काय झालं ते मी नंतर चार जणांच्या तोंडून ऐकलं, ते सरळ सांगतो. रखवालदार पळत शेडमध्ये आला. मुकादमानं पाहिलं तर साहेब अंगण ओलांडून येताहेत, सोबत मॅनेजर. बोळाचं दार सताड उघडं आणि आत दोन बायका. त्यानं दारातून हाका मारल्या म्हणे. पट्ट्यांच्या आवाजात आतल्यांना काही ऐकू गेलं नाही. त्या दूर, पार टोकाला होत्या. मुकादमानं दार ओढलं, कडी घातली आणि कुलूप लावलं.

साहेब आले. त्यांनी आधी सगळी शेड सावकाश फिरून पाहिली. मग बोळाच्या दाराशी गेले, कुलूप हातात धरून दोनदा ओढून पाहिलं. मॅनेजरकडं वळून म्हणाले, "बहुत अच्छा. सब जगह ऐसा होना." मग ओट्यावर चढून जिनं पाहिली, गाठी बांधायची जागा पाहिली, पाण्याचे रांजण पाहिले, मोरी पाहिली. मॅनेजरनं त्यांच्यासाठी खुर्ची मांडून चहा मागवला. चहा प्याले. एवढा वेळ इंजिन चालू होतं. मी चालवत होतो.

चहा झाल्यावर ते माझ्याकडं आले. मी हात पुसून सलाम केला. त्यांनी बायलरची काच पाहिली, काटा पाहिला, माझी सनद पाहिली, आणि म्हणाले, "घंटी सुनाई देती?"

"जी, साहेब."

"देखते हैं. हम उधर से बजाते. जितनी जल्दी हो सके, रोको."

ते पुन्हा शेडमध्ये गेले. मी तयारीत उभा राहिलो. मला मनातून बरं वाटत होतं, आपलं काम दाखवायची संधी आली म्हणून. घंटा वाजली. मी झडप बंद केली. मोठं चाक रेंगाळत फिरलं आणि थांबलं. मी शाबासकी घ्यायला शेडकडं गेलो.

जीन थांबला की जी शांतता होते ती ज्यानं ऐकली नाही त्याला सांगता येणार नाही. कानात भोकं पडल्यासारखं होतं. ओट्यावर बायका ओळीनं उभ्या होत्या, हवेत रुईचा धुरळा तरंगत होता. साहेब घड्याळ बघत होते. मी त्यांच्यापासून थोड्या अंतरावर थांबलो.

तेवढ्यात दारावर आतून धक्का बसला.

सगळे तिकडं वळले. पुन्हा बसला. कुणी तरी मुठीनं मारल्यासारखा.

साहेबांनी विचारलं, "यह क्या है?"

मुकादम म्हणाला, "घुशी हैत साहेब. सरकी खायला येतात."

मीसुद्धा एक क्षण ते खरं धरलं. बोळात घुशी होत्याच. मग आतून आवाज आला.

"अवं! कुणी हाय का? दार काढा! अक्काचा हात गेला!"

माझं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं, तेव्हाही घेतलं नाही. पण तो आवाज कुणाचा ते मला कळलं.  माझ्याआधी साहेब दाराशी पोचले. ते मुकादमावर ओरडले, "चाबी!"

मुकादम म्हणाला, "चाबी हापिसात हाय."

किल्ली त्याच्या कमरेला लोंबत होती. सगळ्यांना दिसत होती. तो तिच्यावर हात ठेवून उभा होता आणि म्हणत होता, चाबी हापिसात हाय. तो खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही. त्याचं भान सुटलं होतं. मी त्याच्या कमरेचा करदोटा ओढून तोडला आणि किल्ली घेतली. कुलपात ती जाईना. साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ते कुलूप काढलं.

माझी बायको दारातच होती. अंगावर लुगडं नव्हतं. फक्त चोळी, आणि कमरेला एक तरट गुंडाळलेलं. तिचं लुगडं अक्काच्या दंडाला आवळून बांधलेलं होतं आणि अक्का भिंतीला टेकून बसली होती. डावा हात कोपराच्या खाली... तो मी सांगत नाही. अक्काचं स्वतःचं लुगडं शाफ्टला गुंडाळलेलं होतं, घट्ट, हिरव्या दोराच्या भेंडोळ्यासारखं.

ओट्यावरून एक बाई खाली उडी मारून आली आणि तिनं स्वतःचा पदर फाडून माझ्या बायकोच्या खांद्यावर टाकला.   बाकीच्या बायका शेडभर नुसत्या उभ्या होत्या.

अक्का शुद्धीवर होती. ती मला म्हणाली, "डायवर, माझी पाटी आत राह्यली बघ."

मॅनेजर पुढं आला. त्यानं सगळं पाहिलं. आणि मग तो जे बोलला ते ऐकून मला पाहिलेल्यापेक्षा मोठा धक्का बसला. तो साहेबांना म्हणाला, "पण हुजूर, दाराला कुलूप तो था." तो ओशाळून नव्हता बोलत, भांडतही नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपल्याकडून कायद्याचं काही चुकलेलं नाही. कायद्यात कुलूप लिहिलं होतं, कुलूप होतं.

 साहेब रुईच्या गाठीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "मैंने हाथ लगा के देखा था. दो बार."

अक्काला साहेबांच्याच टांग्यातून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. साहेब मागंच राहिले. मी आणि बायको तिच्याबरोबर गेलो. वाटेत अक्का कानडीत काही तरी पुटपुटत होती आणि माझी बायको तिच्या कपाळावरचा घाम पुसत होती. दवाखान्यात हात कोपराच्या वरून काढावा लागला. अक्का वाचली.

पायी परतताना बायकोनं मला सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, बाजाराचं सांगावं तसं. दार लागलं तेव्हा उजेड गेला. अंधारात शाफ्ट कुठं फिरतोय ते दिसेना, नुसता वारा लागत होता. दोघी भिंतीला पाठ लावून सरकत दाराकडं निघाल्या. अक्का अंगानं भरलेली, बोळ अरुंद. तिचा पदर ओढला गेला, पदराबरोबर हात. बायकोनं तिला मिठी मारून मागं खेचलं आणि लुगडं फाटलं म्हणून पुढचं वाचलं. मग तिनं आपलं लुगडं सोडून दंड बांधला, अक्काला ओढत ओढत दारापर्यंत आणलं आणि दार वाजवायला लागली.

"कुणालाच ऐकू गेलं न्हाई?" मी विचारलं.

"कसं जाईल? माझं मलाच ऐकू येत नव्हतं."  बरंच चालून गेल्यावर ती म्हणाली, "एकदा कुलूप हाललं."

"म्हंजे?"

"फटीतनं दिसत होतं. कुणी तरी कुलूप धरलं. दोनदा हाललं. मला वाटलं, काढायलेत. मी अक्काला म्हनलं, अक्का, काढायलेत बघ." ती माझ्याकडं बघत होती. "मग सोडून दिलं. कामून सोडून दिलं असल?"

ते हाललं कशानं हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. सांगायला नको होतं का, ते अजून मला ठरवता येत नाही.  ती रस्त्याच्या कडेला बसली आणि ओकली.

चौकशी झाली. मुकादमाला काढलं. जाताना तो माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "मला वाटलं, जरा येळानं काढीन. साहेब चहाला बसल असं न्हाई वाटलं." मॅनेजरला दंड झाला, पण तो नोकरीवर राहिला. साहेबांनी हुकूम लिहिला की किल्ली मुकादमाकडं राहणार नाही. कुणाकडं ठेवायची यावर हापिसात बोलणं चाललं होतं. अक्काच्या बाजूनं साक्ष द्यायला माझी बायको तिथं उभी होती. ती म्हणाली, "इंजिनाच्या मुठीला बांधा. इंजिन थांबल्याबिगर डायवर ती सोडणार न्हाई, आन् किल्ली परत आल्याबिगर इंजिन चालू करणार न्हाई." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

त्यानंतर किल्ली माझ्याकडं आली, आणि तिच्यापायी मी जिनात नकोसा झालो. नवा मुकादम मला ऐकवायचा, गाडीवान शिव्या द्यायचे, जिनांवरच्या बायकासुद्धा म्हणायच्या, "डायवर, जरा सोड की किल्ली, दोन पाट्या तर काढायच्यात." त्यांनीच तो दिवस पाहिला होता. तरी म्हणायच्या. मी सोडली नाही. दार उघडलं की आत कोण गेलं आणि बाहेर कोण आलं ते मी स्वतः उभा राहून बघायचो, बोळात जाऊन हाक मारायचो आणि मगच वाफ सोडायचो. मी तो जीन सोडेपर्यंत त्या बोळात कुणालाही इजा झाली नाही. वर जिनांच्या कापूस ओढणाऱ्या रुळांपुढं मात्र कसलाच आडोसा नव्हता. तिथं बोटं जातच राहिली. त्यांच्यासाठी हुकमात काही लिहिलेलं नव्हतं. ज्या ठिकाणी हुकूम पोचला होता आणि त्याच्यामागं कुणी तरी उभं होतं, तेवढीच जागा वाचली.

साहेब पुढच्या वर्षी आले ते थेट त्या दाराशी गेले. कुलूप पाहिलं नाही. छडीनं फळीवर ठोकलं, कान लावला आणि मोठ्यानं विचारलं, "अंदर कोई है?" नवा मुकादम हसला. साहेबांनी पुन्हा विचारलं. इंजिन थांबवायला लावलं आणि तिसऱ्यांदा विचारलं.

अक्का पुन्हा जिनात आली नाही. लिंगायत माणसं गळ्यातलं लिंग पूजेला डाव्या तळव्यावर घेतात. तिला तो तळवाच नव्हता. सुरुवातीला तिनं उजव्या हातावर घेऊन पाहिलं, पण मग विभूती लावायची कशी, पाणी घालायचं कसं, फूल वाहायचं कसं? ती लिंग गळ्यात तसंच ठेवून बसून राहायची. जेवायचीही नाही, कारण पूजेशिवाय जेवायची रीत नव्हती. तिच्या घरचे म्हणायचे, चालतंय गं आता. ती ऐकायची नाही.

मग माझी बायको रोज सकाळी जिनात जायच्या आधी तिच्याकडं जायला लागली. अक्का लिंग उजव्या तळव्यावर धरायची आणि माझी बायको आंघोळ करून ओल्या हातानं विभूती लावायची, फूल वाहायची. आम्ही लिंगायत नव्हतो. कुणी कुणी नावं ठेवली. अक्काच्या घरच्या अय्यांना, म्हणजे त्यांच्या गुरूंना, विचारलं, तर ते म्हणाले, "तिचा हात समजा."

आम्ही गाव सोडेपर्यंत ते चाललं. जिनाची शिटी झाली की माझी बायको तिथून धावत यायची, बोटांना विभूती तशीच, आणि जिनापुढं उभी राहून कापूस चारायला लागायची.